एकदा तरी पिल्ले व्हायलाच हवीत का?

पत्राचा सारांश : एका वाचिकेच्या घरी साडेचौदा महिन्यांची लॅब्रेडॉर मादी आहे, तिला आपण येथे चेरी म्हणू. नऊ महिन्यांची असताना ती पहिल्यांदा हीटवर, म्हणजे माजावर, आली. त्यानंतर दोनेक महिन्यांनी ती घरातली एक कापडी चप्पल तोंडात धरून पलंगाखाली नेऊ लागली, अंथरूण उकरून तिथे जागा करू लागली, चपलेला चाटत बसू लागली, कोणी जवळ गेले की गुरगुरू लागली, आणि तिच्या सडांत चक्क दूध आले. दोन-अडीच आठवड्यांत हे सारे आपोआप थांबले. पण तेव्हापासून 'तिला आई व्हायचे आहे' अशी घरातल्या सगळ्यांची खात्री झाली आहे. पुढची हीट महिना-दीड महिन्यात अपेक्षित आहे. पतींच्या मित्राकडे तीन वर्षांचा देखणा, शांत नर आहे आणि तोही त्याच ब्रीडरकडून आणलेला आहे. हीटच्या अकराव्या आणि तेराव्या दिवशी चेरीला आणून सोडा, बाकी निसर्ग पाहून घेईल, असे मित्राचे म्हणणे. एक पिल्लू तो स्वतः ठेवून घेणार आहे. पशुवैद्यांनी नसबंदीचा विषय काढला होता. परंतु एकदा पिल्ले होऊ न देता नसबंदी केली तर पुढे स्तनांत गाठी होतात आणि स्वभाव बिघडतो, असे घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत आहे. वाचिका विचारतात, याच हीटला मेटिंग, म्हणजे नराशी मीलन, करू द्यावे की पुढच्या? आणि थांबल्यास फार उशीर तर होणार नाही ना?

उत्तर :

याच हीटला नको, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. त्याची कारणे देताना तुमच्या घरात गृहीत धरल्या गेलेल्या दोन-तीन गोष्टी तपासून पाहाव्या लागतील, कारण तुमचा निर्णय खरे तर त्यांच्यावर उभा आहे. तारखांचा हिशेब त्यानंतरचा.

सर्वांत आधी ती चप्पल. तुम्ही जे वर्णन केले आहे ती खोटी गर्भधारणा होय, आणि नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये ती इतकी सर्रास दिसते की तिला आजार म्हणण्याऐवजी शरीराचा नेहमीचा क्रम म्हणणेच योग्य ठरेल. स्त्रीच्या शरीरात गर्भ राहिला नाही तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक दोनेक आठवड्यांत उतरते. कुत्रीच्या शरीरात तसे होत नाही. गर्भ राहो अथवा न राहो, नराची गाठ पडलेली असो वा नसो, हीटनंतर सुमारे दोन महिने हे संप्रेरक चढेच राहते आणि मग उतरू लागते. ते उतरले की प्रोलॅक्टिन हे दुसरे संप्रेरक वाढते, आणि दूध येणे, जागा उकरणे, एखादी वस्तू पिल्लाप्रमाणे जपणे हे सारे या प्रोलॅक्टिनमुळे घडते. म्हणजे चेरीच्या शरीराने दोन महिन्यांपूर्वीच्या हीटला दिलेला तो प्रतिसाद होता. त्यात पुढच्या हीटविषयीची कोणतीही इच्छा नव्हती. प्राण्याच्या डोळ्यांत ओढ वाचण्याचा मोह आपल्या सगळ्यांनाच होतो आणि तो प्रेमातूनच येतो, पण त्यावरून तिच्या शरीराविषयीचा निर्णय घेऊ नये. शिवाय पिल्ले झाल्यामुळे हा प्रकार थांबतही नाही. दोन-तीनदा व्यालेल्या माद्याही रिकाम्या गेलेल्या हीटनंतर खेळणी जपत बसलेल्या आढळतात.

पुढच्या वेळी असे झाले तर ती चप्पल किंवा खेळणे तिचे लक्ष नसताना हलकेच दूर करावे, फिरणे थोडे वाढवावे, आणि दूध आले आहे का हे पाहण्यासाठी सड दाबू नयेत, कारण दाबल्याने आणि तिने स्वतः चाटल्यानेही दूध येतच राहते. तीन आठवड्यांनंतरही हे थांबले नाही, किंवा सड गरम, कडक आणि दुखरे लागले, तर पशुवैद्यांकडे न्यावे. प्रोलॅक्टिन कमी करणारे औषध उपलब्ध आहे.

आता गाठींविषयी. स्तनांच्या गाठींचा संबंध अंडाशयांच्या संप्रेरकांशी आहे, म्हणूनच अंडाशय लवकर काढल्याने धोका कमी होतो असे मानले जाते. १९६९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नसबंदी न केलेल्या माद्यांच्या तुलनेत पहिल्या हीटपूर्वी नसबंदी झालेल्यांत हा धोका ०.५ टक्के, पहिल्या हीटनंतर झालेल्यांत ८ टक्के आणि दुसऱ्या हीटनंतर झालेल्यांत २६ टक्के इतकाच उरतो, असे आढळले होते. हे आकडे पुढे पन्नास वर्षे सर्वत्र उद्धृत होत राहिले. २०१२ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा जो पद्धतशीर आढावा घेतला गेला, त्याने मात्र हा पुरावा वाटतो तितका भक्कम नसल्याचे म्हटले. तेव्हा या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये. पण वाद आहे तो लवकर नसबंदी केल्याने किती फायदा होतो याविषयी. नसबंदीआधी एकदा पिल्ले झाल्याने गाठी टळतात, या तुमच्या घरातल्या समजुतीला या वादातल्या कोणत्याच बाजूचा आधार नाही.

गर्भाशयात पू होण्याचा विकार, म्हणजे पायोमेट्रा, हा तुमच्या पत्रात आलेला नाही, पण तो यायला हवा होता, कारण नसबंदी न केलेल्या मादीच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. प्रत्येक हीटनंतर दोन महिने प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाखाली राहून गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि वर्षांगणिक जंतुसंसर्गाला अधिक अनुकूल बनते. स्वीडनमध्ये विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदींवरून असे दिसले की दहा वर्षांची होईपर्यंत चार-पाच माद्यांमागे सुमारे एकीला हा विकार होतो. हीट संपल्यावर काही आठवड्यांनी मादी खूप पाणी पिऊ लागली, मरगळली, उलट्या करू लागली किंवा मागून घाण स्राव येऊ लागला, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. गर्भाशयाचे मुख बंद असेल तर स्राव दिसतही नाही आणि तोच प्रकार अधिक घातक ठरतो. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पिल्ले झालेल्या माद्यांमध्ये पायोमेट्राचे प्रमाण काहीसे कमी असल्याचे काही पाहण्यांत आढळले आहे, आणि वडीलधाऱ्यांच्या सांगण्यात कुठे तथ्याचा अंश असलाच तर तो इथे. परंतु हा धोका किंचित कमी व्हावा म्हणून गर्भारपण आणि बाळंतपण यांचे धोके पत्करणे हा व्यवहार मला पटत नाही, कारण नसबंदीने तो जवळजवळ पूर्णच टळतो.

स्वभावाचे म्हणाल तर लॅब्रेडॉर दोन-अडीच वर्षांची झाली की आपसूक निवळते. नेमक्या त्याच वयात पुष्कळ माद्यांना पिल्ले होतात आणि श्रेय पिल्लांना जाते.

म्हणजे तब्येतीसाठी चेरीला पिल्ले होणे आवश्यक नाही. ती कधीच व्याली नाही तरी तिच्या आयुष्यात काही उणे राहणार नाही. तरीही, चांगल्या, निरोगी, समंजस मादीचा वंश पुढे जावा असे तुम्हाला विचारपूर्वक वाटत असेल, तर ती इच्छा गैर नाही. मात्र मग तिला साजेशी तयारी हवी, आणि वयाचा प्रश्न तिथून सुरू होतो.

मादी हीटवर येते याचा अर्थ तिचे शरीर गर्भ धारण करू शकते, एवढाच. लहान जातींच्या माद्या सहाव्या महिन्यात हीटवर येऊ शकतात आणि अगदी मोठ्या जातींच्या काही दीड-दोन वर्षांपर्यंतही येत नाहीत. पण पहिल्या हीटच्या वेळी बहुतेक माद्या स्वतःच अजून वाढत्या अंगाच्या असतात. लॅब्रेडॉरसारख्या मोठ्या जातीत हाडांची वाढ पुरी व्हायला साधारण दीड वर्ष लागते. पुढच्या हीटला चेरी सोळा महिन्यांच्या आसपास असेल, म्हणजे उंची भरलेली, पण वागण्यात अजून अल्लड. अशा वयातली आई कधी घाबरून पिल्लांना पाजायचे नाकारते, कधी गोंधळून त्यांच्या अंगावर बसते. मोठ्या जातींच्या मादीने दोन वर्षांची होईपर्यंत थांबावे, या मताशी मी पूर्ण सहमत आहे. उशिराची भीती तर तुम्ही बाळगूच नका. दोन ते पाच वर्षे हा काळ सर्वांत अनुकूल असतो. पहिलेच बाळंतपण पाच-सहा वर्षांच्या पुढे गेले तर पिल्लांची संख्या घटते, कळा मंदावण्याचे आणि शस्त्रक्रियेची वेळ येण्याचे प्रमाण वाढते. तुमच्या हातात अजून काही वर्षे आहेत. ब्रिटनचा केनेल क्लब मेटिंगच्या वेळी एक वर्षाहून लहान असलेल्या किंवा बाळंतपणाच्या वेळी आठ वर्षे पूर्ण केलेल्या मादीच्या पिल्लांची नोंदणी सहसा करत नाही, आणि एका मादीच्या चारच वेळच्या पिल्लांची नोंद घेतो. पण या बाहेरच्या मर्यादा आहेत. एक वर्ष उलटले की चालते, असा त्यांचा अर्थ लावू नये.

एकाहून अधिक वेळा पिल्ले होऊ देऊ इच्छिणाऱ्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट ओघात सांगतो. एका बाळंतपणानंतर एक हीट रिकामी सोडावी, हा नियम सगळेच प्रजननतज्ज्ञ आता मानत नाहीत. रिकाम्या हीटमध्येही गर्भाशयाला विश्रांती मिळत नाही, प्रोजेस्टेरॉन तेवढेच सोसावे लागते, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते शास्त्राला धरून आहे. परंतु प्रसूतीनंतर गर्भाशय पूर्ववत व्हायला तीन महिन्यांहून अधिक काळ लागतो, आणि पाजून खंगलेल्या मादीचे वजन भरून यायलाही वेळ हवा असतो. तिच्या फासळ्यांवर पुन्हा मांस धरले आहे का, हे पाहून ठरवावे. घरात एकदाच पिल्ले होऊ देणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही.

दोन वर्षांपर्यंत थांबण्याचे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत वजनदार आहे. त्या वयापर्यंत तपासण्या पूर्ण करता येतात. लॅब्रेडॉरमध्ये खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांचे दोष आनुवंशिक असतात. अमेरिकेतली ओएफए ही संस्था खुब्याच्या एक्स-रेवर अंतिम श्रेणी २४ महिन्यांनंतरच देते, कारण त्याआधी ठीक दिसलेला सांधा पुढे तसाच राहील याची खात्री देता येत नाही. यासोबत डोळ्यांची तपासणी हवी, आणि रक्तावर किंवा गालाच्या आतून पुसून घेतलेल्या नमुन्यावर होणाऱ्या जनुकीय चाचण्याही हव्यात. डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा पीआरए हा विकार आणि जोराच्या पळापळीनंतर मागचे पाय लुळे पडून कोसळण्याचा ईआयसी हा विकार, या दोहोंच्या चाचण्या या जातीत नेहमी केल्या जातात. असा दोष एकाच पालकाकडून आला तर कुत्रे स्वतः निरोगी राहते, फक्त वाहक ठरते. पण दोन वाहक एकत्र आले तर प्रत्येक पिल्लाला विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून चाचणीत चेरी वाहक निघाली म्हणजे सारे संपले असे समजू नका. तिच्यासाठी त्या दोषापासून मुक्त असलेला नर शोधायचा, एवढाच त्याचा अर्थ. सांधे खराब निघाले तर मात्र विषय तिथेच थांबवावा, आणि तो थांबवण्याची तयारी एक्स-रे काढण्यापूर्वीच मनाशी केलेली असावी. नाहीतर तपासणी हा केवळ सोपस्कार उरतो.

आता तुम्ही पत्रात अगदी सहज लिहून गेलेल्या एका वाक्याकडे वळतो. मित्राचा नर 'त्याच ब्रीडरकडून' आणलेला आहे. वाचताना मी इथेच थबकलो. एकाच ब्रीडरची दोन कुत्री बऱ्याचदा एकाच बापाची किंवा एकाच आजीची निघतात. दोघांच्या वंशावळीचे कागद शेजारी ठेवून निदान तीन पिढ्यांची नावे ताडून पाहा. बाप एकच असेल तर ती सावत्र भावंडे झाली, आणि त्यांच्या पिल्लांत अंतःप्रजननाचे, म्हणजे जवळच्या नात्यातल्या संबंधाचे, प्रमाण १२.५ टक्के भरेल; सख्खी भावंडे असतील तर २५ टक्के. अशा संबंधांतून कमी पिल्ले होणे, जन्मतःच दगावणे आणि दडून राहिलेले दोष उघड होणे, या तिन्ही गोष्टी वाढतात. शिवाय नर देखणा आणि शांत आहे, हे ठीकच. पण त्याच्या खुब्याचे सांधे अंगणात पळताना दिसत नाहीत. तो तीन वर्षांचा आहे, म्हणजे त्याच्या सर्व तपासण्या आजच होऊ शकतात. मित्राला तसे स्पष्ट सांगण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. जी कागदपत्रे तुम्ही चेरीची दाखवणार, तीच त्याच्याकडून मागायची. दोघांचीही ब्रुसेला कॅनिसची रक्तचाचणी मेटिंगपूर्वी झालीच पाहिजे, कारण हा जंतू मेटिंगमधून पसरतो, साधारण दीड महिन्यानंतर गर्भपात घडवतो, कुत्र्यांत तो पुरता बरा होणे अवघड असते, आणि माणसांनाही त्याची बाधा होऊ शकते.

'अकरावा आणि तेरावा दिवस' हा हिशेब तुम्हाला सगळीकडे ऐकायला मिळेल. पुष्कळ माद्यांच्या बाबतीत तो जुळतोही, आणि म्हणून तो टिकून आहे. पण रक्तस्राव सुरू झाल्यापासून बीज सुटेपर्यंतचा काळ एखाद्या मादीत आठवडाभराचा, तर एखादीत तीन आठवड्यांहून अधिक असू शकतो. शिवाय स्राव नेमका कधी सुरू झाला हे घरच्यांना बहुधा एक-दोन दिवस उशिरा कळते, कारण नीटनेटकी मादी स्वतःला चाटून स्वच्छ ठेवते. कुत्रीचे बीजांड सुटते तेव्हा कच्चे असते आणि त्याला पिकायला आणखी दोन-तीन दिवस लागतात. नराचे शुक्राणू मात्र तिच्या शरीरात पाच-सहा दिवस तग धरू शकतात. त्यामुळे थोडे लवकर झालेले मेटिंग बऱ्याचदा निभावून जाते, उशिरा झालेले सहसा वाया जाते. अंदाजाऐवजी रक्तातील प्रोजेस्टेरॉन मोजून घेणे हा चांगला मार्ग आहे. हीटच्या पाचव्या-सहाव्या दिवसापासून दर दोन-तीन दिवसांनी चाचणी करतात. सुरुवातीला हे प्रमाण मिलिलिटरमागे १ नॅनोग्रॅमहून कमी असते, २ च्या आसपास पोहोचले की शरीराने तयारी सुरू केली असे समजते, आणि साधारण ५ च्या सुमारास बीज सुटते. त्यानंतर दोन दिवसांनी एकदा आणि हवे असल्यास पुन्हा एक-दोन दिवसांनी मेटिंग करतात. प्रयोगशाळांच्या पद्धती वेगवेगळ्या असल्याने सगळ्या चाचण्या एकाच ठिकाणी करून आकड्यांचा अर्थ पशुवैद्यांकडूनच लावून घ्यावा. या खटपटीचा दुसरा फायदा नऊ आठवड्यांनी कळतो. बीज सुटल्यापासून ६३ दिवसांनी, फार तर एखादा दिवस मागेपुढे, प्रसूती होते. नुसत्या मेटिंगच्या तारखेवरून मोजले तर ती ५७ ते ७२ दिवसांत कधीही होऊ शकते. रात्री-अपरात्री शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायची वेळ आली, तर पिल्ले दिवस भरलेली आहेत की नाहीत हे या फरकावर ठरते.

'आणून सोडा' हेही मला रुचले नाही. योग्य दिवशी मादी स्वतः शेपटी बाजूला करून उभी राहते. ती गुरगुरत असेल, खाली बसत असेल, तर दिवस चुकला आहे किंवा तिला काही दुखते आहे. तिचे तोंड बांधून, तिला धरून ठेवून उरकलेले मेटिंग हे कोणत्याही निकषावर जबाबदार प्रजनन नव्हे. मेटिंगनंतर दोघे पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, क्वचित त्याहूनही जास्त वेळ, एकमेकांत अडकून राहतात. घाबरून त्यांना ओढून वेगळे करू नये, दोघांनाही इजा होते. तिच्या विश्वासाचे माणूस तेवढा वेळ तिच्या डोक्याशी बसलेले असावे.

गर्भारपणाची सगळी कहाणी येथे सांगणे शक्य नाही. पण लोक हमखास चुकतात त्या जागा सांगतो. लसी मेटिंगच्या आधीच पूर्ण करून घ्याव्यात, कारण जिवंत जंतूंच्या लसी गर्भारपणात देत नाहीत. सोनोग्राफीत २५ ते ३० दिवसांच्या सुमारास गर्भ दिसतात, पण पिल्ले नेमकी किती हे ५५ दिवसांनंतरच्या एक्स-रेमध्ये मोजून घ्यावे. शेवटचे पिल्लू आत राहिले आहे का, हे प्रसूतीच्या रात्री त्याच आकड्यावरून कळते. पहिले पाच आठवडे आहार वाढवण्याची गरज नसते, आणि लठ्ठ मादीला प्रसूती जड जाते. कॅल्शियमच्या गोळ्या किंवा औषध स्वतःहून मुळीच देऊ नये. हाडांतून कॅल्शियम काढून घेण्याची शरीराची यंत्रणा त्यामुळे मंदावते आणि पाजण्याच्या दिवसांत, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, रक्तातले कॅल्शियम एकाएकी घसरण्याचा धोका वाढतो. पाजणारी मादी अस्वस्थ होऊन धापा टाकू लागली, ताठरल्यासारखी चालू लागली, थरथरू लागली, तर सकाळची वाट पाहू नये. प्रसूतीच्या आधीचे आणि नंतरचे तीन-तीन आठवडे तिला बाहेरच्या कुत्र्यांपासून दूर ठेवावे, कारण मोठ्या कुत्र्यात सर्दीवर निभावणारा हर्पिस विषाणू तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लांचा जीव घेतो.

प्रसूतीच्या आदल्या दिवशी तिच्या शरीराचे तापमान सुमारे एका अंशाने उतरून ३७ सेल्सियसच्या आसपास येते, म्हणून शेवटच्या आठवड्यात ते रोज दोन-तीनदा मोजून लिहून ठेवावे. जोरदार कळा येत असताना अर्ध्या तासात पिल्लू आले नाही, दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून अधिक वेळ गेला आणि आणखी पिल्ले आत आहेत हे ठाऊक आहे, किंवा पहिल्या पिल्लापूर्वीच हिरवट काळा स्राव दिसला, तर फोन करण्यात वेळ न दवडता थेट दवाखाना गाठावा. रात्री दोन वाजता शस्त्रक्रिया करू शकेल असा दवाखाना कोणता, हे मेटिंग ठरवण्याआधी विचारून ठेवलेले असावे. असा दवाखाना आवाक्यात नसेल, तर माझ्या मते मेटिंगच करू नये. ज्यांच्याकडे बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग किंवा बोस्टन टेरियर आहे त्यांनी हे दुप्पट गांभीर्याने घ्यावे. ब्रिटनमधील एका पाहणीत या जातींच्या ८० टक्क्यांहून अधिक प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले होते.

आणि मग पिल्ले. लॅब्रेडॉरला सात-आठ पिल्ले होणे ही नेहमीची गोष्ट आहे. पहिले दोन-तीन आठवडे त्यांना स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही, रोज प्रत्येकाचे वजन करावे लागते, आणि आईचे दूध कमी पडले तर रात्रभर दर दोन-तीन तासांनी उठून पाजावे लागते. आठ आठवडे पूर्ण होण्याआधी एकालाही घराबाहेर पाठवू नये. तुमच्या पत्रात एकाच पिल्लाचे घर ठरलेले आहे, तेही मित्राचे. उरलेल्यांसाठी 'हो, घेऊ की' असे गप्पांत म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांतल्या कितीजणांनी दिवसभर घरी कोण असेल, आजारपणात कोण पाहील, याचा विचार केला आहे? मेटिंगपूर्वी निदान सहा घरे पक्की असावीत. शिवाय पिल्लू कोणत्याही वयात परत आले तर आपण त्याला ठेवून घेऊ, इतकी तयारी तुमच्या मनाची असावी.

हे सारे वाचून, नको, नसबंदीच करू, असे ठरले तर अपराधी वाटून घेऊ नका. फक्त वेळ जपून निवडा. हीट चालू असताना किंवा खोट्या गर्भधारणेच्या दिवसांत ही शस्त्रक्रिया टाळतात. हीटमध्ये रक्तस्रावाचा धोका जास्त असतो आणि खोट्या गर्भधारणेत केली तर दूध येणे लांबू शकते. हीट संपून सुमारे तीन महिने झाल्यावरचा शांत काळ उत्तम. या शस्त्रक्रियेनंतर काही माद्यांना, विशेषतः मोठ्या जातींत, पुढे लघवी न रोखली जाण्याचा त्रास होतो आणि वजन लवकर वाढते, हेही पशुवैद्यांशी आधी बोलून घ्यावे.

राहता राहिली ती महिना-दीड महिन्यावर आलेली हीट. ती पुढे ढकलण्यासाठी हार्मोनच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेऊ नका. त्यांनी पायोमेट्राचा धोका वाढतो. रक्तस्राव दिसल्यापासून पुरते चार आठवडे चेरीला पट्ट्याशिवाय बाहेर नेऊ नका आणि अंगणात एकटी सोडू नका. स्राव फिका पडला की हीट संपली, असे वाटून लोक निर्धास्त होतात आणि नेमके तेच दिवस गर्भ राहण्याचे असतात. हीटमध्ये घालायच्या चड्डीने फरशी स्वच्छ राहते, नर अडत नाही. एवढे करूनही नराशी गाठ पडलीच तर दोन-चार दिवसांतच पशुवैद्यांना भेटा. गर्भ राहू नये म्हणून पूर्वी दिली जाणारी इस्ट्रोजेनची इंजेक्शने अस्थिमज्जेला घातक ठरू शकतात आणि पायोमेट्रालाही निमंत्रण देतात, म्हणून ती नाकारा आणि त्यापेक्षा सुरक्षित पर्यायांविषयी विचारा. हीटचा पहिला दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. नसबंदी करायची झाली तर तिची तारीख त्यावरूनच काढता येईल. आणि तसे न ठरल्यास चेरी २४ महिन्यांची होईल त्या महिन्यात खुब्याच्या एक्स-रेची वेळ घेऊन ठेवा.